चेंगट

लातूरच्या एखाद्या गल्लीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घर कल्पनेतलं आहे, पण शोधायला निघालात तर सापडेल असं. आठवड्यानं नळाला पाणी आलंय. आईनं मोटार लावून वरची टाकी भरायला घेतलीय, आजी कळशा-घागरी रांगेनं मांडतेय, धाकटी शाळेचा गणवेश घालून दारात खोळंबलीय. आणि न्हाणीघराचं दार आतून बंद. बारावी झाल्यावर मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी एक वर्ष थांबलेला मोठा मुलगा पावणेसातला आत गेलाय. आता साडेआठ वाजलेत.

"काय करायलास रे आत?"

"झालंच आई."

हे 'झालंच' सव्वासातलाही आलं होतं आणि आठलाही. खोटं बोलत नाही तो. त्याला खरंच दर वेळी वाटतं की झालंच आता.

दाराच्या आत काय चाललंय? बादली एकच आहे आणि ती अजून निम्मी भरलेली आहे. मुलगा पाटावर बसलाय. उजव्या खांद्यावर चार मग पाणी ओतून झालं, डाव्यावर तीन. चौथा उचलला आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तीन झाले होते की चार? आठवत होतं, पण पक्कं आठवत नव्हतं. मग खाली ठेवला. पुन्हा उजव्या खांद्यापासून सुरुवात. पुढे टॉवेल. दोन्ही पायांच्या बोटांमधल्या मिळून आठ फटी. प्रत्येक फट वेगळी पुसायची, आणि पुसून झाली असं आतून वाटलं की मगच पुढची. मधली वीस मिनिटं तर पाणी नाही, साबण नाही, टॉवेल नाही. तो नुसता बसून होता. उठण्याआधी आतापर्यंतचं सगळं क्रमानं मनात एकदा फिरवून बघायचं होतं. धाकटीनं दार वाजवलं तसा क्रम तुटला, म्हणून तेही पहिल्यापासून.

तो बाहेर आल्यावर आईला एक कोडं पडतं. हात धुणाऱ्या, घर पुसणाऱ्या आजाराबद्दल तिनं कुठेतरी ऐकलेलं असतं. पण हा पाणी फार वापरत नाही, घाणीला भीत नाही, कुणाला शिवला म्हणून बिचकत नाही. खर्च होतो तो फक्त वेळ. मग घरात एकच शब्द उरतो: चेंगट.

मराठीत सावकाशपणाला शब्दांची वाण नाही. रेंगाळणं, दिरंगाई, ढिलाई, चालढकल, कूर्मगती, आणि या सगळ्यांत टोचणारा तो चेंगटपणा. 'सावकाश जा' म्हणताना आपण माया करतो, 'चेंगट' म्हणताना डोळे वटारतो. या शब्दांतल्या बहुतेकांच्या पोटात एक आरोप आहे: याला लवकर करता येतं, पण करायचं नाही. माणसाला उरकायचं आहे, मनापासून उरकायचं आहे आणि तरी उरकत नाही, अशा स्थितीसाठी त्यातल्या त्यात जवळ जाणारा शब्द मला एकच सापडतो, घुटमळणं. पाय उंबऱ्याशी अडतो, आतही नाही आणि बाहेरही नाही. न्हाणीघरातला मुलगा रेंगाळत नव्हता. तो पावणेदोन तास घुटमळत होता.

ज्या आजाराशी हे घुटमळणं जोडलेलं असतं त्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात घुसतं आणि हटत नाही. त्यानं आलेली बेचैनी घालवायला माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो. मराठी मनोविकारतज्ज्ञ त्यासाठी एक जुना शब्द वापरतात, मंत्रचळ. मंत्र चळला, म्हणजे जपात किंवा विधीत चूक झाली, आणि त्यातून डोकं फिरलं अशी त्यामागची समजूत. समजूत चुकीची असेल, पण शब्दातलं चित्र अचूक आहे. एकशे आठ म्हणायचे होते, नव्वदीत कुठेतरी गिनती चुकली, आता पहिल्यापासून. न्हाणीघरातल्या मगांचं वेगळं काय होतं?

दुसरा शब्द आपण विसरलो. जुन्या मराठी पत्रांत, कौलनाम्यांत 'वसवास' येतो. मनात वसवास धरू नका, निर्धास्त या, असं रयतेला कळवायचं असलं की तो हटकून येई. मूळ अरबी 'वसवसा'. मनात कुजबुजणारी शंका. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वजू करताना, कोपर नीट भिजलं का, नमाजातले शब्द बरोबर उच्चारले का, या शंकेनं पुन्हा पुन्हा मागे येणाऱ्या माणसाबद्दल इस्लामी धर्मशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानानं शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात राग, भीती आणि दुःख यांच्या जोडीला या वसवशाला त्यानं स्वतंत्र जागा दिली. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या लातूर-नांदेडात सोवळ्यातला मंत्रचळ आणि वजूतला वसवास एकाच मोहल्ल्यात, भिंतीला भिंत लावून राहिले असणार. दोघांच्याही घरी बायका तेच म्हणत असतील: किती वेळ.

पण वेळ हाच मुख्य त्रास असलेल्या माणसांकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ जॅक रॅकमन लंडनमध्ये मॉड्स्ली हॉस्पिटलच्या रुग्णांवर काम करत होते. १९७४ साली त्यांनी दहा रुग्णांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. या माणसांचा दिवस अंघोळ, दाढी, दात घासणं आणि कपडे घालणं यातच संपत होता. कामावर जायचं तर पहाटेच उठावं लागे. रॅकमनना नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. हात धुणारा रुग्ण घाबरलेला असतो, धुतल्यावर त्याला जरा बरं वाटतं. या दहांमध्ये तशी भीती फारशी दिसत नव्हती. ते शांतपणे, नेटानं, एका ठरलेल्या क्रमानं आपलं काम करत होते आणि ते काम संपत नव्हतं. रॅकमननी याला ओसीडीतला एक वेगळा, मुळातलाच प्रकार मानलं.

ते मत पुढे तसंच टिकलं नाही. १९९३ साली डेव्हिड व्हील या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं या मांडणीवर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नीट विचारून पाहिलं तर संथपणाच्या तळाशी काहीतरी सापडतंच. कुणी मनातल्या मनात तपासत असतो, कुणी मोजत असतो, कुणाला वाईट विचार आल्यामुळे हालचाल चांगल्या विचारावर 'सोडायची' असते, कुणाला कृती अगदी अचूकच हवी असते. हे सगळं कपाळाच्या आत चालतं, म्हणून बाहेरून फक्त थांबलेला माणूस दिसतो. आजच्या रोगांच्या अधिकृत याद्यांत हा संथपणा वेगळा आजार म्हणून नाही. मला व्हीलचं म्हणणं पटतं. शिवाय घरातल्यांना त्याचा उपयोगही आहे. 'मुळातच संथ' म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. आत काहीतरी चाललंय म्हटलं की निदान विचारता तरी येतं.

विचारलं तर काय उत्तर येतं? शर्टाचं बटण घ्या. तुमचं-माझं बटण काजात जातं आणि आपण विसरतो. आपल्या कामांना शेवटी एक छोटा टक असा आवाज असतो, ऐकू न येणारा. तो झाला की मेंदू पुढे सरकतो. या मुलाचं बटण काजात गेलंय हे त्याला दिसतंय, बोटाला लागतंय, पण तो टक झालेला नाही. म्हणून बटण काढून पुन्हा लावायचं. दुसऱ्यांदा जवळजवळ झाला. तिसऱ्यांदा झाला, पण त्याच वेळी मनात परीक्षेचा निकाल आला. त्या विचारावर लावलेलं बटण चालणार नाही. चौथ्यांदा. शर्टाला सात बटणं आहेत.

या न होणाऱ्या टकला पिएर जाने या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञानं १९०३ सालीच नाव दिलं होतं: अपूर्णतेची भावना. कृती पूर्ण होते, पूर्ण झाल्याची भावना येत नाही. मधली बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष भीतीकडे होतं, जंतू लागतील, घर पेटेल अशा भीतीकडे. अलीकडे संशोधक पुन्हा जानेकडे वळलेत. हा मुलगा कशालाही भीत नसेल. त्याला फक्त कुठलीच गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. त्यामुळे त्याला 'कशाला घाबरतोस' असं विचारणारे आई-बाप आणि काही वेळा डॉक्टरही चुकीच्या दारावर टकटक करत असतात.

मेंदूत बघायचा प्रयत्नही झाला. १९९१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात अशा १७ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांना ठरवलेली कृती सुरू करणं जड जात होतं आणि मध्ये घुसणारी दुसरी कृती थोपवणंही. म्हणजे गाडी निघत नाही, आणि निघाली तर गल्लीबोळात वळते. कपाळामागच्या भागात मेंदू नेहमीपेक्षा जास्त इंधन जाळताना दिसला. ज्याला घरचे सुस्त म्हणतात त्याचं डोकं असं तापलेलं असतं.

मेंदूतल्या वेगाची गंमत, गंमत म्हणणं बरं नाही खरं तर, ऑलिव्हर सॅक्सनं फार जवळून पाहिली. पहिल्या महायुद्धाच्या आसपास आलेल्या निद्राज्वराच्या साथीतून वाचलेली माणसं न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अनेक दशकं जवळजवळ पुतळ्यासारखी होती; सॅक्सचं त्यांच्यावरचं पुस्तक १९७३चं. त्यातला एक जण सकाळी पाहावं तर हात गुडघ्याच्या वर, दुपारी पाहावं तर आणखी वर, संध्याकाळी नाकाशी. सॅक्सला वाटलं, हा वेगवेगळ्या ठिकाणी गोठतो. नंतर त्याला विचारलं तेव्हा त्यानं उलट नवल केलं: गोठलो कुठे, मी तर नाक पुसत होतो. त्याच्या हिशोबानं ते क्षणात झालं होतं. तो आजार निराळा, मंत्रचळाचा नव्हे. पण 'झालंच आई' म्हणणाऱ्या मुलाचा विचार करताना मला हा माणूस आठवतो. दाराबाहेरचं घड्याळ आणि दाराआतलं घड्याळ एकाच गतीनं चालत असेल असं आपण उगाच धरून चालतो.

प्रत्येक संथ माणसाला मंत्रचळ नसतो, हेही लगेच सांगितलं पाहिजे. थायरॉइड कमी पडलं की माणूस मंदावतो. एका रक्ततपासणीत ते कळतं. उदासीनतेच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, चाल, बोलणं, जेवणं, सगळंच जड होतं. कंपवातात हालचाल लहान आणि ताठर होते, अक्षर बारीक होत जातं. मनोविकारांवरच्या काही औषधांनीही तसं होतं. मंत्रचळातल्या संथपणाची खूण अशी की तो सगळीकडे नसतो. हाच मुलगा संध्याकाळी मैदानावर झेल घ्यायला झेपावतो, बोलतो भराभर, दूध उतू जायला लागलं तर पळत जाऊन गॅस बंद करतो. बूट घालायला मात्र चाळीस मिनिटं. नेमकं याच कारणानं घरचे त्याच्यावर उखडतात. खेळायला बरं सुचतं! नाटकं आहेत सगळी. खरं तर ही विसंगतीच डॉक्टरला निदानाचा रस्ता दाखवते.

लातूरमध्ये हा आजार जास्त आहे असं म्हणायला काही आधार नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा ०.८च्या आसपास आलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, आणि २०११च्या जनगणनेतल्या साडेचोवीस लाखांपैकी प्रौढ पंधरा-सोळा लाख मानले, तर एकट्या लातूर जिल्ह्यात बारा हजारांच्या आसपास माणसं होतात. हिशोब ढोबळ आहे. त्यांतल्या अगदी थोड्यांचा आजार या संथ रूपात असेल. पण थोडे म्हणजेही शेकड्यांनी घरं.

लातूरचं वेगळेपण आहे ते घड्याळात. शाहू आणि दयानंद कॉलेजांची नावं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली तेव्हापासून 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. आज नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची पोरं सतरा-अठराव्या वर्षी इथं खोली करून, मेस लावून राहतात. ओसीडी बहुतेकदा डोकं वर काढतो ते वय नेमकं हेच, पौगंडावस्था आणि विशीच्या अलीकडे-पलीकडे. घरी असताना आई दार वाजवते, म्हणून निदान कुणाला तरी कळतं. इथं खोलीतला दुसरा मुलगा फार तर म्हणतो, हा बाथरूम अडवून ठेवतो. सकाळचा क्लास बुडतो. मग अंघोळच टाळायची, दोन दिवस, चार दिवस. 'अस्वच्छ' आणि 'आळशी' अशी दोन नवी विशेषणं चिकटतात, आणि अंघोळ टाळण्याचं कारण ती नीट करायची ओढ हे आहे, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

मग परीक्षा. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. उत्तरपत्रिकेवर काळ्या बॉलपेननं गोल भरायचा, तो यंत्र वाचतं. भरलेला गोल पूर्ण भरला का, रेघेबाहेर गेला का, क्रमांक चुकला का, हे बघायला प्रत्येकी पाचच सेकंद लागली तरी पंधरा मिनिटं गेली. प्रश्न पुन्हा वाचायला प्रत्येकी तीस सेकंद लागली तर दीड तास, निम्मी परीक्षा. ज्याला विषय येतो त्याचा पेपर असा अर्धा कोरा राहतो आणि घरी आल्यावर तो सगळी उत्तरं सांगतो. लातूर पॅटर्नचा जीव सरावात, पुन्हा पुन्हा पेपर सोडवण्यात आणि एकही मार्क न सोडण्यात आहे. त्यानं हा आजार होतो असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. पण 'पुन्हा एकदा तपास' हा सल्ला वर्गात सत्तर जणांना औषधासारखा असेल, तर एखाद्याला तो विषासारखा असतो. शिक्षकाला तो एक कोणता हे कळायला हवं.

पाण्याच्या टंचाईतही असा मुलगा नजरेतून सुटतो. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. हात धुण्याचा चळ असलेलं माणूस अशा वर्षी सगळ्या घराच्या नजरेत येतं, कारण घागरीचा हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. वेळेचा हिशोब कोण ठेवतं? अर्धी बादली परत आणणारा मुलगा तर त्या उन्हाळ्यात शहाणाच ठरला असता.

घरचे मग काय करतात? आधी ओरडतात. ओरडण्यानं क्रम तुटतो आणि काम पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे ओरडण्यानं वेळ वाढतो. हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मग कंटाळून मदत करायला लागतात. आई दाराबाहेर उभी राहून मग मोजते: "हो रे, चार झाले, मी ऐकले." बाबा बुटाची नाडी बांधून देतात. धाकटीला सांगून ठेवलेलं असतं की दादा आत असताना आवाज करायचा नाही, कुकरही तो बाहेर आल्यावर लावायचा. सगळं प्रेमापोटी. पण आता आजाराला एकाऐवजी चार जण कामाला मिळालेले असतात. उद्या आईनं मोजलेले चार तिनं नीट ऐकले होते का, ही नवी शंका येते. ओरडणं आणि हातभार लावणं ही दोन टोकं दिसतात, पण आजाराचं पोट दोन्हीनं भरतं.

मधल्या काळात कुणीतरी बाहेरचं काही असेल म्हणून सुचवतं. देवाला, दर्ग्याला नेऊन आणतात. त्यानं आईला चार दिवस झोप लागत असेल तर मी नाक मुरडणार नाही. फक्त तिथून परतताना वाटेत सरकारी दवाखाना लागतो.

उपचारांची दोन टोकं आहेत, गोळ्या आणि सराव. गोळ्या त्याच, ज्या डिप्रेशनलाही देतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन आणि जुनी क्लोमिप्रामिन. पण मंत्रचळाला मात्रा बहुतेक वेळा जास्त लागते आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जातात. आपल्याकडे तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी बंद होते. झोपेची गोळी नाही, व्यसन लागत नाही, आणि मनानं बंदही करायची नसते, इतकं तरी घराघरात कळलं तर निम्मं काम होईल.

सरावाची पद्धत लंडनच्या व्हिक्टर मेयरनं १९६६ साली मांडली. ज्याची बेचैनी वाटते त्याला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. डाव्या खांद्यावर तीनच मग घ्यायचे आणि तसंच बाहेर यायचं. बेचैनी चढते, डोंगरासारखी वाटते, आणि काही न करता हळूहळू उतरते. रोज थोडं. संथपणासाठी रॅकमननी त्याला घड्याळाची जोड दिली. आधी उपचारक स्वतः साध्या गतीनं दाढी करून दाखवतो. मग रुग्णाला करायला लावून वेळ मोजतो. आज चाळीस मिनिटं लागली ना, उद्या पस्तीसचं ठरवू. मध्ये 'पाच मिनिटं झाली, आता हनुवटी' अशी आठवण. वेळ खरंच उतरतो. अडचण अशी की आठवण करणारा माणूस बाजूला झाला की तो पुन्हा चढू लागतो, हे रॅकमननाही दिसलं होतं. म्हणून आठवण करायचं काम टप्प्याटप्प्यानं ज्याचं त्याच्याकडे सोपवावं लागतं, मोबाईलच्या गजराकडे, आणि शेवटी कुणाकडेच नाही. गजर वाजला तेव्हा बटण अर्धवट असेल तर ते अर्धवट ठेवून उठायचं. उपचार खरा तिथं आहे. गजर बरोबर लागला का हे पाच वेळा तपासणारेही निघतात, ते वेगळं.

चमत्कार होत नाही. दोन तासांची अंघोळ अर्ध्या तासावर आली आणि मुलगा नऊच्या क्लासला पोचला, तर डॉक्टर त्याला यश म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातलं मराठवाड्यात एकही नाही, याची खंत इथं जुनी आहे. पण या आजाराला बहुतेक वेळा भरती व्हावं लागत नाही. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. तेवढ्यासाठी पुण्याची गाडी धरायची गरज नाही. आधी फोनवर बोलून बघायचं असेल तर टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

ओपीडीत डॉक्टरकडे येल-ब्राऊन नावाची प्रश्नावली असते, १९८९ सालची. तिचे मुख्य प्रश्न दहा, गुण चाळीस. संथपणाचा प्रश्न त्या दहांत नाही, पुढच्या जोडप्रश्नांत आहे, आणि गर्दीच्या दिवशी तिथपर्यंत कुणी पोचतंच असं नाही. शिवाय तो मुलगा डॉक्टरांसमोर पाच मिनिटं अगदी नीट, भराभर बोलेल. म्हणून जाताना एक कागद न्या. आठवडाभर रोज लिहायचं: अंघोळीला किती वेळ, कपड्यांना किती, बुटांना किती. वेळ तुम्ही लिहा, घड्याळ बघून, न ओरडता. शेजारी दुसरा रकाना आखा: कुठे अडलं. तो त्याचा त्यालाच भरू द्या, आणि भरत असताना मागे उभे राहू नका. त्यालाही वेळ लागेल.